वहीतला तिसरा रकाना: एका कुमार कादंबरीच्या वाचनातून उभं राहिलेलं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी आम्ही मुलांचा वाचनगट चालवतो. पाचवी ते सातवीची मुलं येतात, बरीचशी घरी तेलुगू बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी, थोडी कन्नड घरातली, दोघं-तिघं उर्दू. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळणारी. ज्यांना हा भाग माहितीये त्यांना घरं कशी असतात ते सांगायला नको, एक खोली, पुढे ओटा, कोपऱ्यात पाण्याचे ड्रम कारण नळाला पाणी चार-चार दिवसाआड येतं, आणि त्याच खोलीत स्वयंपाक, अभ्यास, विड्या, झोप सगळं.

ही हकीकत त्या गटातल्या सहावीच्या एका मुलीची आहे. नाव देत नाही. तिच्या मागे मागे धाकटा भाऊ कायम यायचा आणि तिला अक्का म्हणायचा, म्हणून सगळा गटच तिला अक्का म्हणायला लागला, इथेही तेच वापरते. ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात. लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईला विचारलंय.

आमच्या ओळखीच्या एक लेखिका आहेत, शाळेत शिकवतात आणि मुलांसाठी लिहितात. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी एक कादंबरी लिहायला घेतली होती. छापायच्या आधी ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांनीच ती ऐकावी असं त्यांना वाटत होतं, म्हणून दर रविवारी एक प्रकरण मोठ्याने वाचायचं आणि मुलं काय म्हणतात ते टिपून घ्यायचं असं ठरलं.

कादंबरी कशाबद्दल आहे

सोलापुरातलीच एक मुलगी आहे, तिच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांवर भरवसा ठेवता येत नाही. बाप प्रेमळ आहे, गाणी म्हणतो, भारी गोष्टी सांगतो, पण पितो, आणि बोललेलं दहातलं दोनदा करतो. आई खरं बोलते पण तिच्या हातात काही राहत नाही, म्हणजे उद्या शाळेत जा म्हणते आणि सकाळी कारखान्यातून विडीची पानं जास्त आली की मुलीला पानं कापायला बसवते. मामा भिशी फुटली की देतो म्हणून मुलीच्या गल्ल्यातले पैसे नेतो. शाळेतले सर 'कधीही येऊन सांग' म्हणतात आणि ती सांगायला जाते तेव्हा त्यांना तिचं नावसुद्धा आठवत नाही. मारझोड, पोलीस, पळवापळवी असलं काही नाही. रोजचं बारीक बारीक फसणं आहे, आणि ते वाचताना जास्त लागतं.

मुलीची युक्ती अशी की ती एक वही करते. तिची आई विड्या कारखान्यात देते तेव्हा किती पानं मिळाली, किती विड्या दिल्या हे पुस्तकात लिहून मिळतं ना, तसंच हिने दोन रकाने पाडलेत. एका बाजूला 'काय म्हणाले', दुसऱ्या बाजूला 'काय झालं'. महिनाभर ती सगळ्यांचा हिशोब लिहिते. बाप तिला गड्ड्याला नेणार असतो, संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर पाळणे लागतात, मुलांसाठी वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट. ती नवा फ्रॉक घालून ओट्यावर बसते आणि बाप येत नाही. हे पाचवं प्रकरण.

आत्तापर्यंत आपल्याकडे मुलांच्या गोष्टीतला दारुडा बाप एकतर राक्षस असतो नाहीतर शेवटच्या पानावर रडून सुधारतो. हा बाप तसा नव्हता म्हणून मुलं पहिल्या प्रकरणापासून एकदम गप्प होऊन ऐकायची. आणि चुकाही काढायची. कादंबरीतली मुलगी वही पानांच्या पोत्यात लपवते असं लिहिलेलं होतं, तर एक पोरगा लगेच म्हणाला, "पानाच्या पोत्यात कुठं लपती ओ मॅडम, पानं भिजवत्यात की, वही लगदा होईल." लेखिकांनी तिथल्या तिथे ते खोडलं. पण मग वही लपवायची कुठे, यावर मुलांचं बराच वेळ चाललं आणि एक पण जागा सापडली नाही. तांदळाचा डबा आई उघडते, दप्तर भाऊ उघडतो, गादीखालचं सगळं दिवाळीला बाहेर येतं. तेव्हा सगळे हसत होते. पुढे हाच मुद्दा उलटला.

प्रॉब्लेम कुठे आला

पाचव्या प्रकरणानंतर मुलांनी आपापल्या वह्या सुरू केल्या. आम्ही सांगितलं नव्हतं, पण बंदही केलं नाही, उलट आम्हाला छान वाटलं की मुलं स्वतःहून लिहितायत. बहुतेकांनी दोन-चार दिवस लिहून सोडून दिलं. अक्काने सोडलं नाही.

अक्काचे वडील कादंबरीतल्या बापासारखेच होते हे आम्हाला माहीत नव्हतं. मागावर कामाला होते, तो कारखाना मध्येच बंद पडला, मग मिळेल तिथे बदली कामगार म्हणून जायचे, आणि पगार झाला की त्या दिवशी घरी यायचे नाहीत. अक्का गटात कधी काही बोलली नव्हती. फक्त पाचवं प्रकरण वाचून झालं तेव्हा ती एकटीच म्हणत होती की तो येईल, उशीर झाला असेल, मॅडमनी पुढं लिहिलं असेल. बाकीची मुलं म्हणत होती नाही येणार बे, दारू पिऊन पडला असणार. ती चिडून उठून गेली.

मग एका दुपारी तिच्या अत्याला ती वही सापडली. अत्याने ओट्यावर बसून मोठ्याने वाचली, शेजारच्या बायका ऐकत होत्या. बापाबद्दलच्याच ओळी वाचल्या. संध्याकाळी वडिलांनी काही पानं फाडली. मारलं नाही, पण बोलणं टाकलं, अक्काशी दोन दिवस एक शब्द नाही. पुढच्या रविवारी आई दोन्ही मुलांना घेऊन वाचनालयात आली, उरलेली वही आमच्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, घरातलं बाहेर लिहायला तुम्ही शिकवलात का? उद्या हिचं लग्न कोण करंल?"

मुलगी सहावीत आहे आणि आई लग्नाचं बोलतेय यावर चिडायला होतं, पण त्या बाईच्या जागी उभं राहून बघितलं तर चाळीतल्या दहा बायकांसमोर नवऱ्याचा हिशोब वाचला गेला होता आणि नवरा घरी तोंड फिरवून बसला होता. तिच्यासाठी तो दिवस संपलेला नव्हता.

समोर काय पर्याय होते

त्या दुपारी आम्ही गट चालवणारे, लेखिका, आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एक सर जे अधूनमधून येतात, असे बसलो.

पहिला पर्याय सरळ होता, कादंबरी बंद करायची, काहीतरी हलकंफुलकं वाचायचं. यात आम्ही सुटलो असतो. पण मुलांना त्यातून एकच कळलं असतं की ही गोष्ट बोलायचीच नसते, आणि अक्काला कळलं असतं की तिच्यामुळे सगळ्यांचं पुस्तक बंद झालं. ज्या घरात कुणीतरी पितं त्या घरातल्या मुलांना आधीच वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकतंय. पिणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी अल-अनॉन नावाचे गट असतात, १९५१ पासून, त्यांच्यात एक गोष्ट परत परत सांगतात की हे तू लावलेलं नाहीस, तुला ते आवरता येणार नाही आणि तुला ते बरंही करता येणार नाही. सरांनी ती आम्हाला सांगितली आणि म्हणाले तुम्ही पुस्तक बंद केलंत तर याच्या बरोबर उलटं सांगाल.

दुसरा, पुस्तक चालू ठेवायचं पण वह्या बंद करायच्या.

तिसरा, १०९८ ला फोन करायचा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास आणि फुकट आहे, कुणीही लावू शकतं. आमच्यातल्या एकीचं म्हणणं होतं की लगेच करा, बाप पितो, मुलांकडे लक्ष नाही, अजून काय पाहिजे. दुसरीचं म्हणणं की फोन केला की मुलांना घरातून उचलतील. हे दुसरं म्हणणं आपल्याकडे फार पसरलेलं आहे आणि ते बरोबर नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला त्याच्या कुटुंबात ठेवायचा प्रयत्न आधी, संस्थेत पाठवणं सगळ्यात शेवटी, असंच तत्त्व आहे, आणि निर्णय बालकल्याण समिती घेते, फोन उचलणारा माणूस नाही. हे नीट वाचल्यावर फोनची भीती गेली, पण फोन आत्ता करायचा का हा प्रश्न राहिलाच.

चौथा, आधी आईशी बोलायचं. आणि वडिलांना व्यसनमुक्तीला पाठवायचा प्रयत्न हा पाचवा, तो लगेच मागे पडला कारण पिणारा माणूस स्वतः तयार नसताना बाहेरच्या वाचनगटाने त्याच्या घरी जाऊन उपदेश करण्यासारखं वाईट काही नाही, त्याचा राग शेवटी घरातल्यांवरच निघतो.

आम्ही काय ठरवलं

सगळ्यात आधी एक रेघ मारली आणि ती लिहून ठेवली. मारहाण झाली, किंवा मुलं रात्री एकटी राहिली, किंवा शाळा सुटली, तर त्याच दिवशी १०९८, तेव्हा चर्चा करत बसायचं नाही. लैंगिक छळाचा संशय आला असता तर आमच्या हातात निवड नव्हतीच, २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ते कळवणं बंधनकारक आहे. या तिन्ही-चारही गोष्टी आहेत का ते बघायचं आणि नसतील तर आईपासून सुरुवात. हे लिहून ठेवल्याचा फायदा असा झाला की पुढे प्रत्येक वेळी 'आता फोन करायचा का' हे भावनेच्या भरात ठरवावं लागलं नाही.

मग आईकडे जाण्याआधी अक्काला विचारलं. वही तिची होती. तुझ्या आईला ही वही आम्ही वाचून दाखवली तर चालेल का? ती बराच वेळ खाली बघत होती, मग म्हणाली, "पप्पाचं सोडून वाचा." म्हटलं चालेल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात घेतलेला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता, कारण त्या वहीबद्दल आत्तापर्यंत अत्याने ठरवलं, वडिलांनी ठरवलं, आईने ठरवलं, जिने लिहिली तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आईकडे दुपारी गेलो, म्हणजे वडील नसतात आणि बायका विड्यांना बसलेल्या असतात. तिने या म्हटलं पण हात थांबवले नाहीत. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, पान घेतलं, चिमूट ठेवली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, पुढचं पान. हजार विड्यांचा हिशोब असतो आणि कच्च्या म्हणून कारखान्यात बाजूला काढल्या की त्या गेल्या, त्यामुळे बोलताना तिची नजर आमच्याकडे नव्हती, आणि त्याने बोलणं सोपंच झालं. ती तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, मराठी वाचायला वेळ लागतो. म्हणजे वहीत काय आहे ते तिने स्वतः वाचलेलंच नव्हतं, नणंदेने ओट्यावर वाचलं तेवढंच तिला माहिती.

आम्ही वाचायला लागलो. 'अम्मा म्हणाली पाणी आल्यावर केस धुते. धुतले.' 'अम्मा म्हणाली शनिवारी शाळेत पाठवते. पानं जास्त आली, नाही पाठवलं.' 'अम्मा म्हणाली अव्वाकडं जाऊ. गेलो.' (अव्वा म्हणजे आजी.) 'मामा म्हणाला फोन करतो. केला, दोन दिवसांनी.' 'अम्मा म्हणाली बाळ्याला ताप आहे तू झोप मी जागते. जागली.' असं पानं भरून. त्यात झालेल्या गोष्टी न झालेल्यांपेक्षा जास्त होत्या, आणि आईच्या नावावर तर खूपच जास्त. शनिवारच्या शाळेची ओळ आली तेव्हा ती म्हणाली, "ते खरं हाय." आणि जागली ही ओळ आली तेव्हा हात थांबले. काही बोलली नाही. थोड्या वेळाने विचारलं, हे सगळं हिनं लिहिलंय?

त्यानंतर तिने स्वतःहून सांगितलं की नवरा मारत नाही, पण पगाराच्या दिवशी दोन्ही मुलं रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहतात, किती पण सांगा ऐकत नाहीत, रात्री दहा-दहा वाजेपर्यंत. आमच्या रेघेच्या अगदी जवळची गोष्ट होती ही. आम्ही १०९८ ला फोन लावून मुलांचं नाव न सांगता अशा वेळी काय करता येतं ते विचारून घेतलं, आणि आईला त्याच दिवशी सांगितलं की आम्ही विचारलंय, आणि यापुढे कधी नाव सांगायची वेळ आली तर तुला आधी सांगून सांगू. लपवून केलं असतं तर ती परत कधी दारात उभं करणार नव्हती. मुलांना मदत मिळते अशी राज्याची बालसंगोपन योजना आहे त्याचीही माहिती दिली, ती म्हणाली बघू. मुक्तांगणचं नाव तिनेच काढलं, कुणाकडून तरी ऐकलं होतं, पुण्यातलं, १९८६ पासून चालणारं व्यसनमुक्ती केंद्र. पण नवरा तयार नाही म्हणाली आणि तो विषय तिथे थांबला.

पगाराच्या दिवसाचं काय करायचं यावर मात्र ठोस ठरलं. गल्लीत दोन घरं सोडून एक म्हातारी राहते, फटकळ, मुलांना ओरडणारी, पण दार कधी बंद नसतं. त्या दिवशी संध्याकाळी मुलं तिच्याकडे जातील, जेवतील, आणि वडील आले तर तिथून घरी. म्हातारी म्हणाली, "येऊ देत की, भाकरी काय मोजून करते का मी."

कादंबरीत काय बदललं

इकडे लेखिकांचं काम अडलं होतं. त्यांना वाटत होतं की दोन रकाने पुरत नाहीत, तिसरा पाहिजे. त्यांनी पहिल्यांदा जो तिसरा रकाना लिहून आणला त्याचं नाव होतं 'का'. म्हणजे बाप आला नाही, का? कारखाना बंद पडला, टेन्शन आलं, मित्रांनी ओढलं. आईने शाळेत पाठवलं नाही, का? पानं जास्त आली. वाचायला फार सुंदर होतं, मुलगी समजूतदार होत जाते, सगळ्यांना माफ करते.

सर म्हणाले हे नको. त्यांचं म्हणणं असं की या मुलांना 'का' शिकवावंच लागत नाही, ती दिवसभर तेच करत असतात. मोठ्यांची कारणं शोधणं, त्यांच्या बाजूने उत्तरं देणं, पाहुण्यांना खोटं सांगणं, हे त्यांचं फुल टाइम काम असतं. अक्का पाचव्या प्रकरणानंतर काय करत होती? बापाची वकिली. तिसरा रकाना 'का' ठेवला तर पुस्तक तिला अजून चांगली वकील बनवेल. यावर बराच वाद झाला. लेखिकांचं म्हणणं होतं की कारण कळलं नाही तर मुलगी कडू होईल, आणि न जमणं आणि न करणं यातला फरक मुलांना कळलाच पाहिजे. मला दोघांचंही पटत होतं, आणि अजूनही वाटतं की आईच्या बाबतीत 'का' कळणं गरजेचं आहे. पण तो फरक गोष्टीतून दिसू शकतो, पानं भिजवणारी आई दाखवली की वाचणाऱ्याला कळतं, मुलीने तो रकाना भरत बसायची गरज नाही.

शेवटी तिसऱ्या रकान्याचं नाव ठरलं 'मग मी काय केलं'. बाप आला नाही, मग मी शेजारच्या आजीबरोबर गेले. सर विसरले, मग मी ग्रंथपाल बाईंना सांगितलं. मामाने पैसे दिले नाहीत, मग मी गल्ला अव्वाकडे ठेवला. मुलगी कुणाला सुधारत नाही आणि कुणाला शिक्षाही देत नाही, कुठल्या माणसाकडे कुठल्या गोष्टीसाठी जायचं एवढं तिला हळूहळू कळत जातं. बापाकडे गाण्यासाठी जायचं, बुटासाठी नाही.

शेवटावरून मुलांची चांगली जुंपली. लहान मुलांना बाप सुधारलेला पाहिजे होता. एकाला तर तो गड्ड्यात पाळण्यात बसून रडताना पाहिजे होता. अक्का परत यायला लागली होती तोवर, ती म्हणाली, "तसं नसतंय. चार दिवस सोडतेत, मग परत." सगळे गप्प झाले. मग दुसरी एक मुलगी म्हणाली, माझे काका सोडलेत, दोन वर्ष झाली. तेही खरं होतं. लेखिकांनी हे दोन्ही घेतलं. आता शेवटच्या प्रकरणात बाप दुसऱ्या दिवशी येतो, शुद्धीत येतो, चल गड्ड्याला म्हणतो. मुलगी आदल्या दिवशी आजीबरोबर जाऊन आलेली असते. ती म्हणते मी जाऊन आले, पण परत येते, तुम्ही जेवलात का? आणि बाप सुधारेल का नाही ते पुस्तकात नाही.

हा शेवट फार बारीक आहे, मुलांना आशा मिळणार नाही, अशी शंका लेखिकांना शेवटपर्यंत होती. सरांनी तेव्हा हवाई बेटांमधल्या कौआई बेटावरच्या अभ्यासाचं सांगितलं. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरात भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा आजार अशा बऱ्याच अडचणी एकदम असलेली जी मुलं होती, त्यातली साधारण एक तृतीयांश नीट उभी राहिली, आणि त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली की त्यांच्या आयुष्यात कुणीतरी एक टिकून राहणारं मोठं माणूस होतं, ते आईबापच असायला पाहिजे असं नव्हतं, आजी, शेजारी, शिक्षक कुणीही. म्हणजे कादंबरीतली फटकळ आजी ही आशाच आहे. लेखिकांनी मग आजीची दोन प्रकरणं वाढवली, आणि मला विचाराल तर ती पुस्तकातली सगळ्यात चांगली प्रकरणं आहेत.

काय झालं

अक्का शाळेत जाते, शनिवारी पण. आईने पूर्ण बंद केलं नाही, पानं फारच आली की अर्धा दिवस बसवते, पण आता आदल्या रात्री सांगते, सकाळी दप्तर भरल्यावर नाही, आणि अक्काच्या म्हणण्याप्रमाणे हा मोठा फरक आहे. पगाराच्या दिवशी मुलं म्हातारीकडे जातात. एकदा धाकटा तिथून सटकून परत कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला, म्हातारीने जाऊन त्याला आणलं आणि शिव्या दिल्या.

वडिलांचं पिणं चालू आहे. अक्काशी बोलायला लागलेत. फाडलेल्या पानांबद्दल घरात कुणी परत काही बोललेलं नाही.

वह्यांचं आम्ही असं केलं की ज्यांना लिहायचंय त्यांच्या वह्या वाचनालयाच्या कपाटात राहतात, किल्ली ग्रंथपालांकडे, आणि त्या आम्हीही उघडत नाही. यामुळे एक गोष्ट निघाली ती अशी की अक्काने तिच्या नव्या वहीतलं एक पान लेखिकांना आपणहून दाखवलं. त्यात लेखिकांचंच नाव होतं. 'लेखिका मॅडम म्हणाल्या सातवं प्रकरण घेऊन येते. आल्या नाहीत.' त्या दिवशी त्यांची गाडी कुर्डुवाडीला अडकली होती आणि त्यांनी आम्हाला फोन केला होता, आम्ही मुलांना सांगितलंही होतं. तिसऱ्या रकान्यात होतं, 'मग आम्ही सहावंच परत वाचलं.' लेखिकांनी तो रकाना जसाच्या तसा कादंबरीत घेतला, तिला विचारून. कादंबरीला अजून नाव मिळालेलं नाही, चित्रांचं काम सुरू आहे.

वेगळं काय करता येईल

असं पुस्तक मुलांबरोबर वाचायला घेणाऱ्यांनी पहिल्या प्रकरणाच्या आधीच पालकांना बोलावून पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगावं. आमच्याकडे आईला ते पहिल्यांदा कळलं ते नणंदेच्या तोंडून, ओट्यावर. आधी कळलं असतं तर राग आलाच नसता असं नाही, पण 'तुम्ही शिकवलात का' हा प्रश्न वेगळ्या आवाजात आला असता. काही पालक मुलांना पाठवणारच नाहीत हा धोका आहे, आणि तो घ्यावा लागेल.

मुलांनी काही लिहायला सुरुवात केली की ते ठेवणार कुठे हा प्रश्न त्याच दिवशी सोडवला पाहिजे. एका खोलीच्या घरात मुलाला स्वतःचं असं काही ठेवता येत नाही, मुलांनी तर ते आम्हाला पुस्तकाच्या निमित्ताने सांगितलंही होतं. कपाट तेव्हाही होतं.

एखादं मूल गोष्टीतल्या माणसाची बाजू फार जोरात घ्यायला लागलं, रागावून उठून गेलं, तर त्या आठवड्यातच कुणीतरी त्याच्याशी एकट्याने बोलावं. खोदून विचारायचं नाही, नुसतं पुढचं प्रकरण आधी वाचायचंय का एवढं विचारलं तरी पुरतं. आणि आपली रेघ वाचन सुरू व्हायच्या आधी लिहिलेली असावी, प्रकरण अंगावर आल्यावर नाही. १०९८ चा कागद आता आमच्या खोलीत मुलांना दिसेल असा लावलाय.

वडिलांशी मात्र कुणीच बोललेलं नाही. आईने नको म्हटलं आणि ते आम्ही मानलं, आजही ते बरोबरच वाटतं. पण ज्या माणसाबद्दल वही होती, पुस्तक होतं, इतक्या बैठका झाल्या, तो या सगळ्यात फक्त पानं फाडताना दिसतो, आणि अक्का सांगते की गाण्याच्या भेंड्यांत त्यांना कुणी हरवू शकत नाही. मामा मध्ये पडायला तयार आहे असं आई परवा म्हणाली. तो आला तर कोण कोण बसायचं, कुठे बसायचं, आणि अक्काला आधी विचारायचं, एवढं ठरलंय. तारीख ठरायचीये.